खारोबाचे चाटण

फार फार वर्षांपूर्वी, मीठ जेव्हा बैलांच्या पाठीवरून घाट चढून येत असे, त्या काळची ही गोष्ट आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी सावखोरे नावाचे गाव होते. गावाच्या एका अंगाला शेती, दुसऱ्या अंगाला रान, आणि दोहोंच्या मधून मोरओढा वाहत असे. गावात कुंभाराचे घर एकच. त्या घरातल्या झिपरूला आज तो मुलूख खारोबा म्हणतो. हे नाव त्याने जिवंतपणी कधी ऐकले नाही. ऐकले असते तर त्याला ते रुचले नसते.

झिपरू कष्टाळू होता, निर्व्यसनी होता, आणि देवभक्त होता. स्नान झाल्याखेरीज तो चाकाला हात लावत नसे. पण वाटेवरच्या प्रत्येक शेंदरी दगडापुढे वाकणे त्याला मान्य नव्हते. देव ओळखून हात जोडावेत, असे तो चारचौघांत सांगत असे. त्याच्या घागरी पंचक्रोशीत नावाजलेल्या होत्या. वैशाखाच्या उन्हातही त्यांतले पाणी दातांना कळ आणीत असे. लोक म्हणत, हा त्याच्या भक्तीचा गुण. झिपरू होय म्हणत नसे आणि नाहीही म्हणत नसे. माणूस चुकतो तो अशा ठिकाणी.

एका वर्षी चैत्र सरत असताना गावावर विचित्र प्रसंग आला. राही नावाची एक बाई सरपणाला गेली होती. परतताना स्मशानाजवळ तिला चितळांचा कळप दिसला. चितळ दिसणे नवलाचे नव्हते. पण कळपातली एक मादी मान तिरकी करून काहीतरी चावत होती, आणि ते गवत नव्हते, पाला नव्हता. ते हाड होते. राही मोळी तिथेच टाकून गावात आली आणि तिला दोन दिवस ताप भरला, असे म्हणतात.

मग इतरांनीही पाहिले. नरांची शिंगे वेडीवाकडी, पोचट झाली होती. पाडसे पायांवर नीट उभी राहत नव्हती. गवत खाणारी जनावरे मेलेल्या बैलांची हाडे चघळत होती, गोठ्यांच्या भिंती चाटत होती, धोब्याच्या दगडावर जिभा घाशीत होती. कोणी म्हणाले, रान बाधले आहे. कोणी म्हणाले, ही चितळे नव्हेतच. गावच्या भगताने डोळे मिटून सांगितले की हे अतृप्त पितर आहेत, आखाजीपर्यंतही त्यांना धीर निघत नाही. दुसऱ्या दिवशी त्यानेच सांगितले की ही पिशाच्चे आहेत. दोन्ही दिवशी लोकांनी त्याचे ऐकले.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या दिवशी सावखोऱ्यात घरोघर पितरांच्या नावाने घागर भरतात. वर्षभरात कोणी गेले असेल तर त्या घरची घागर फार जपून भरावी लागते. झिपरूचा बाप धुडकू नुकताच माघात गेला होता. चार वर्षे अंथरुणाला खिळून होता, वाचाही गेली होती, आणि अखेरीस दिवा विझावा तसा तो गेला. त्याच्या घागरीसाठी झिपरूने माती तीनदा चाळली होती. गावाच्या साठ घागरी आणि बापाची एक, अशा एकसष्ट कच्च्या घागरी त्याने अंगणात सुकत घातल्या होत्या.

पहाटे उठून पाहतो तो बापाच्या घागरीला एका अंगाने खोलगट खळगा पडलेला. आणखी चार घागरींचे काठ गेलेले. मातीवर ओल होती आणि अंगणात खुरांचे ठसे होते.

झिपरूने पुन्हा बापाची घागर घडवली. दुसऱ्या पहाटे तीच घागर पुन्हा चाटलेली. एकसष्ट घागरींतून नेमकी तीच. भगताचे शब्द त्याला आठवले. जो भगताचे कधी ऐकत नव्हता, त्याच्या मनात भगताचा शब्द काट्यासारखा रुतला. दुःखात माणसाचा विवेक असाच पातळ होतो.

तिसऱ्या दिवशी त्याने तिसरी घागर मांडली आणि उजाडण्यापूर्वी हातात काठी घेऊन तो घागरी भाजायच्या आव्याच्या आडोशाला बसला. तांबडे फुटले तशी ती मादी आली. तिच्या बरगड्या मोजता येत होत्या. तिने माणसाचा वास घेतला, थरथरली, तरी मागे फिरली नाही. ती घागरीपाशी आली आणि चाटू लागली. झिपरूने काठी उगारली आणि त्याचा हात वरच राहिला. काठी बाजूला ठेवून तो हलकेच म्हणाला,

"बाबा, तहान लागली का तुम्हाला?"

त्याने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. मादी दोन पावले मागे झाली, पाणी हुंगले, प्याली नाही. धुडकूला गूळ आवडत असे. झिपरूने घरातून गूळ आणला. तिने गुळाला तोंड लावले नाही. त्याने भाकरी आणली, मुठीत हिरवे गवत आणले. ती सगळे ओलांडून पुन्हा कच्च्या घागरीकडे गेली. पितर असतील तर पाणी का नाकारतात? जनावर असेल तर गवत का नाकारते? पिशाच्च असेल तर तिचे डोळे इतके दीन का? त्याला कशाचाच उलगडा होईना. सूर्य वर आला आणि ती निघून गेली.

मग त्याने असे काही केले, जे कुंभार सहसा करीत नाही. तो गुडघे टेकून वाकला आणि ती चाटत होती तिथेच त्याने आपली जीभ लावली.

माती खारट होती.

त्याने दुसरी घागर चाटून पाहिली, तिसरी चाटून पाहिली. सगळ्या खारट. बायको सगुणा शेण घेऊन अंगणात आली ती हे पाहून थबकली.

"अहो, आता तुम्हीही?" ती म्हणाली.

झिपरू उठून मोरओढ्यावर गेला. तिथे एक पांढरट दरड होती. त्याच्या आज्यापासून त्या घराची माती तिथूनच येत असे, पण टोपलीने येत असे. झिपरूचे नाव झाल्यापासून ती गाडीने येऊ लागली होती. चार वर्षांत त्याने दरड ओरबाडून काढली होती. फक्त एका कोपऱ्यात हातभर पांढरी माती उरली होती आणि तिच्याभोवती शेकडो खुरांचे ठसे होते. त्या हातभर मातीत जिभांनी पाडलेल्या खळग्या होत्या. एकेक खळगी वाटीएवढी, गुळगुळीत, झिजलेली. काही फार जुन्या दिसत होत्या.

घागरीतले पाणी का गार राहते ते त्याला त्या क्षणी कळले. तो खाऱ्या मातीचा गुण होता; तिचे भांडे जास्त झिरपते. भक्तीचा त्यात वाटा नव्हता.

घरी येऊन त्याने सगुणाला सगळे सांगितले. तिने शेणाचा हात धुतला आणि शांतपणे म्हणाली, "मामंजी दर पौर्णिमेला तिथे फुटक्या खापरात गोळा नेऊन ठेवायचे. ते तुम्हीच बंद केलंत."

झिपरूला ते आठवले. बाप अंथरुणाला खिळला तेव्हा सगुणाने तो गोळा मळून त्याच्या हाती दिला होता. त्याने विचारले होते, तिथे देव कोणता? दगड नाही, झाड नाही, ठाणे नाही. देव नाही तिथे नैवेद्य कशाला? आणि त्याने तो गोळा ओढ्यात टाकला होता. अंथरुणावरून बाप हे बघत होता. त्याचे ओठ हलले होते, पण वाचा नव्हती.

"त्यात काय काय असायचं?" झिपरूने विचारले.

"खडेमीठ. चुलीची राख. चुनखडी कुटून. थोडी दरडीचीच माती. मळून सावलीत वाळवायचं."

"कोणासाठी, ते तू विचारलं नाहीस?"

"सुनेनं सासऱ्याला काय विचारायचं? तुम्ही लेक होतात. तुम्ही विचारायचं होतंत."

धर्म जाणतो असे म्हणणाऱ्याने आधी घरातल्या म्हाताऱ्याचा हात कुठे जातो ते पाहावे. झिपरूने ते पाहिले नव्हते.

पण त्याच दिवशी चावडीवर वेगळेच ठरले. सुपडू पाटलांनी गाव गोळा केले होते. बाधलेला कळप गावात फिरू द्यायचा नाही, आखाजीच्या आदल्या दिवशी सगळ्या गावाने हाका करायचा, कळप घळीत कोंडायचा आणि एकही जनावर सोडायचे नाही, असा निर्णय झाला. हाक्याला विस्तवाची मडकी लागतात. निखारे भरलेली मडकी हाती घेऊन माणसे रांगेने रान तुडवतात. ती चाळीस मडकी झिपरूने द्यायची होती.

झिपरू उभा राहिला. त्याने दरड सांगितली, बापाचा गोळा सांगितला, आपली चूक सांगितली. ही चितळे बाधलेली नाहीत, खाऱ्या मातीवाचून उपाशी आहेत, आणि त्यांच्या तोंडचे मी काढून घेतले, असे तो म्हणाला. सभेत कुजबुज झाली. पोट भरलेले जनावर उपाशी कसे, असे एकाने विचारले. कुंभाराला आता हरणांचे वैद्यकही येऊ लागले, असे दुसरा म्हणाला. घागरी खपाव्यात म्हणून याने नवी कथा रचली, असे तिसरा म्हणाला आणि लोक हसले.

सुपडू पाटील हसले नाहीत. ते वयस्कर होते, आणि घाबरलेले होते. त्यांच्या नातवाने दोन दिवसांपूर्वी स्मशानाजवळून येताना तोच कळप पाहिला होता.

"झिपरू," ते म्हणाले, "आखाजीच्या आदल्या दिवसापर्यंत सात दिवस आहेत. तेवढ्यात ती हाडं चघळायची थांबली तर हाका नाही. नाही थांबली तर?"

"तर मडकी मी देईन, पाटील. पहिलं मडकं माझ्या हातात असेल. आणि त्यानंतर मी या गावात राहणार नाही."

शब्द दिला गेला. दिलेला शब्द परत घेता येत नाही.

झिपरूने घरातले सगळे मीठ काढले. चुलीतली राख चाळली, ओढ्यातली चुनखडी भाजून कुटली, मुठीमुठीने माती घालून मळली. दोन दिवस सावलीत वाळवून नऊ खापरांत नऊ गोळे बसवले आणि दरडीपाशी झाडांच्या बुंध्यांना टेकवून ठेवले. खर्च म्हणाल तर घरातल्या मिठाचा, बाकी सारे गावात टाकून दिलेले. मग तो स्वतः तिथे मांडी घालून बसला. त्याने स्नान केले होते, कपाळाला गंध लावले होते, आणि तो अखंड नामस्मरण करीत होता. असा तो दोन दिवस बसला.

एकही जनावर आले नाही. गोळ्यांवर मुंग्या चढल्या.

स्मशानातून बातमी येत राहिली की चितळे हाडे चघळत आहेत. झिपरूची मती गुंग झाली. आपण बापाच्या गोळ्याचा अर्थ चुकीचा लावला काय? ही माती खारी होती आणि तेवढेच, बाकी सगळे मनाचे खेळ? की ती मादी खरोखर बाबाच होती, आणि बाबा रागावून आता येतच नाहीत? देवाचे नाव ओठांवर होते, पण मन ठिकाणावर नव्हते. पाचव्या दिवशी सगुणा भाकरी घेऊन आली. तिने त्याच्याकडे पाहिले, नऊ खापरांकडे पाहिले.

"उठा इथून," ती म्हणाली.

"पूजा अर्धी कशी सोडू?"

"ही पूजा नाही. देवळात बसल्यासारखं तुम्ही चितळांच्या दारात बसलात, येणारा येईल कसा? मामंजी गोळा ठेवायचे आणि फिरायचे. मागे वळूनसुद्धा बघायचे नाहीत."

झिपरू उठला. तो मागे न पाहता घरी आला. ज्याला द्यायचे त्याची वाट अडवून बसणे हे दान नव्हे. एवढे समजायला त्याला पाच दिवस लागले. पुष्कळांना आयुष्य लागते.

सहाव्या दिवशी तो दरडीकडे गेला नाही. दिला शब्द पाळायचा म्हणून त्याने गोळे वाळत असताना घडवलेली हाक्याची चाळीस मडकी आव्यात घातली आणि आवा पेटवला. ती मडकी भाजताना तो ढसाढसा रडला, असे म्हणतात. तो गप्प बसून होता, असेही म्हणतात.

सातव्या दिवशी सकाळी स्मशानाकडून कोणी काहीच बातमी आणली नाही, कारण भीतीने तिकडे कोणी गेलेच नव्हते. गाव हाक्याला निघाले. ढोल होते, ताशे होते, काठ्या होत्या. चाळीस जणांच्या हातांत निखाऱ्यांची मडकी होती आणि सर्वांत पुढे झिपरू होता. वाट मोरओढ्यावरून जात होती.

दरड नजरेच्या टप्प्यात आली आणि पहिला आवाज झाला. झिपरूच्या हातातले मडके तडकले आणि निखारे ओढ्याच्या ओल्या वाळूत पडले. मग दुसरे मडके तडकले, मग तिसरे. बघता बघता चाळीसही मडकी तडकली. एकाच्याही हाताला चटका बसला नाही, असे म्हणतात. माणसे तिथल्या तिथे थांबली. ढोल थांबला. आणि त्या शांततेत एक बारीक आवाज ऐकू आला, खरखरीत, संथ, जसा लाकडावर ओले फडके घासल्याचा यावा.

नऊ बुंध्यांपाशी नऊ खापरे होती आणि त्यांच्याभोवती कळप होता. नर, माद्या, पाय लटपटणारी पाडसे. सगळी चाटत होती. इतकी माणसे पाहूनही एकही पळाले नाही. ती बरगड्यांची मादी मान वर करून गावाकडे क्षणभर पाहत राहिली आणि पुन्हा वाकली. सुपडू पाटलांनी हातातली काठी खाली ठेवली. मागच्यांनी ते पाहून आपापल्या ठेवल्या.

ती मडकी का तडकली, यावर सावखोऱ्यात आजही वाद आहे. कोणी म्हणतात, मातीत चुनखडीचे खडे राहिले की भांडे तडकतेच, आणि त्या दिवसांत झिपरूच्या अंगणात चुनखडी सगळीकडे सांडलेली होती. कोणी म्हणतात, त्याने ती मुद्दाम कच्ची भाजली. कोणी म्हणतात, ती दरडीची माती होती, आणि ज्यांच्या तोंडची होती त्यांच्यावर चालून जायला ती तयार नव्हती. झिपरूला म्हातारपणी लोकांनी विचारले. तो म्हणाला, "मला ठाऊक नाही. मी नीट भाजली होती, एवढं ठाऊक आहे." तो खोटे बोलत नसे. त्यामुळे वाद मिटण्याऐवजी वाढला.

ती मादी कोण होती, हेही त्याने कधी सांगितले नाही. कदाचित त्याला ते कळलेच नसेल. सगळे कळलेच पाहिजे असा देवाने कोणाला शब्द दिलेला नाही.

पुढे स्मशानात चितळे दिसेनाशी झाली. पावसाळ्यात जन्मलेली पाडसे जन्मताच उभी राहिली. झिपरूने दरडीला पुन्हा कुदळ लावली नाही. तो दोन कोसांवरून तळ्याची काळी माती आणू लागला. त्या मातीच्या घागरीत पाणी गार राहत नसे. बाहेरगावचे गिऱ्हाईक तुटले. देव झिपरूवर कोपला, असे तेच लोक म्हणाले, ज्यांनी पूर्वी त्याच्या भक्तीचे गोडवे गायले होते. झिपरूने दोन्ही वेळा ऐकून घेतले. मात्र दुसऱ्या वेळी तो हसला.

दर पौर्णिमेला तो गोळे मळून ठेवून येई आणि मागे पाहत नसे. मीठ तेव्हा दुर्मिळ होते. गोळ्यांना मीठ घालायचे तर कुठूनतरी कमी करावे लागे. त्याने ते आपल्या ताटातून कमी केले. मरेपर्यंत तो अळणी जेवला. सगुणा स्वतःच्या ताटात मीठ घेत असे, कारण व्रत नवऱ्याचे होते, आणि तसे ती त्याला ऐकवीतही असे.

तो कसा गेला हे नक्की कोणाला माहीत नाही. एका पौर्णिमेला संध्याकाळी तो टोपली घेऊन ओढ्याकडे गेला आणि परत आला नाही, असे म्हणतात. सकाळी टोपली सापडली, झिपरू सापडला नाही. वाळूत माणसाची पावले दरडीपर्यंत होती आणि तिथून पुढे नुसते खुरांचे ठसे होते. काही जुनी माणसे मात्र सांगतात की तो लेकीच्या गावी तापाने वारला आणि त्याच्या अस्थी तापीत सोडल्या. दोन्ही गोष्टी सांगणारी माणसे प्रामाणिक आहेत.

त्याच्या पश्चात गावाने दरडीपाशी एक दगड उभा केला, त्याला शेंदूर लावला आणि खारोबा हे नाव दिले. नारळ फुटू लागले, घंटा वाजू लागली. तीन महिन्यांत चितळे यायची बंद झाली. तेव्हा सगुणा अगदी म्हातारी झाली होती. काठी टेकत ती दरडीपाशी आली. तिने चार गडी लावून तो दगड उपटवला आणि ओढ्यात टाकवला. कोणाची तिला अडवण्याची छाती झाली नाही. पुढच्या पौर्णिमेला कळप परतला.

म्हणून खारोबाचे ठाणे आजही नाही. त्याचा दगड नाही, जत्रा नाही, आरती नाही. चैत्री पौर्णिमेला सावखोऱ्यातल्या प्रत्येक घरातून मूठभर खडेमीठ आणि ओंजळभर राख कुंभाराच्या घरी जाते. गोळे मळले जातात, ओढ्यावर ठेवले जातात आणि लोक मागे न पाहता घरी येतात. त्या दिवशी गावात कोणाच्याही घरी अन्नात मीठ पडत नाही. वरण अळणी, भाजी अळणी, भाकरी अळणी. मुले तोंडे वाकडी करतात. नवी सून परगावची असते. पहिला घास घेताच ती दचकते, आपण मीठ घालायला विसरलो असे वाटून तिचा चेहरा उतरतो, आणि ती मिठाची वाटी आणायला उठू लागते.

तेव्हा सासू तिचा हात धरून तिला खाली बसवते आणि म्हणते, "बस, बाई. तू काही विसरली नाहीस. आजचं मीठ आपलं नाही."